उत्तम शौच



गेल्या वर्षीच्या दशलक्षणातली गोष्ट. चौथा दिवस. बस्तीत पंडितजी उत्तम शौच धर्मावर बोलायला लागले आणि माझ्या पुढे बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी तोंडावर हात धरून खुदकन हसली. आजीने तिच्या मांडीवर चापट दिली. मुलीचं तरी काय चुकलं? शौच म्हटलं की तिला घरातला संडास आठवणार. पंडितजी सांगत होते, शौच म्हणजे शुचिता, मनाला चिकटलेला लोभाचा मळ काढून टाकणं. आम्ही सगळ्या हात जोडून ऐकत होतो.

माझं मात्र लक्ष त्या हसण्यातच अडकलं. बस्तीत हा शब्द आपण मोठ्याने म्हणतो, त्याला अर्घ्य वाहतो. घरी तोच शब्द उच्चारायचा तर आवाज खाली जातो. पोट साफ होत नाही, इथपर्यंत आपण कशाबशा येतो. त्यापुढचं नवऱ्यालाही सांगत नाही. या लाजेपायी आमच्या घरात काय झालं ते आज लिहायचं ठरवलं आहे. लोणची-पापडाच्या लेखात हे बसणारं नाही, पण हेही घरातलंच आहे.

माझा धाकटा भाऊ आप्पा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. इचलकरंजीत असायचा. एका भाऊबीजेला तो आमच्याकडे सांगलीला आला होता. ओवाळून झालं, फराळ झाला, सगळे बाहेरच्या खोलीत बसले, तेव्हा तो पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "ताई, एक विचारू? कुणाला सांगू नकोस. संडासला रक्त पडतंय अधूनमधून."

मी हातातली ताटं विसळत होते. वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "मूळव्याध असेल रे. आपल्या बाबांना नव्हती का? तिखट कमी कर, रात्री नको, संध्याकाळी जेवायच्या आधी इसबगोल घेत जा, ताक पी." तो म्हणाला, "तसंच वाटतंय मलाही." आणि जाताना पुन्हा म्हणाला, "हिला सांगू नकोस, उगाच घाबरेल."

मी नाही सांगितलं. माझ्या वहिनीलाही नाही आणि आमच्या ह्यांनाही नाही. त्याने शब्द घेतला होता ना! पुढे फोनवर एकदा-दोनदा मी विचारलं, "बरं आहे का रे?" तो म्हणाला, "बरं आहे." दोघांनाही कळलं होतं कशाबद्दल विचारलं ते, पण शब्द कुणीच काढला नाही. आठ महिने असे गेले. मग तो जिना चढताना धापा टाकायला लागला, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर आलेलं. दुर्बिणीची तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. कॅन्सर. यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशन झालं, केमो झाली. दीड वर्षाने आप्पा गेला.

आठ महिने आधी कळलं असतं तर तो वाचला असता का? हा प्रश्न मी त्याच्या डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले, "ते आता कुणीच सांगू शकत नाही." त्यांनी मला दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. हे उत्तर मी अजून सोबत घेऊन फिरते.

पण त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. आप्पाच्या ऑपरेशनच्या दिवशीच, कॉरिडॉरमध्ये, आम्हा दोघी बहिणींकडे पाहून. "सख्ख्या भावंडांनी कोलोनोस्कोपी करून घ्यायला हवी. त्रास नसला तरी." आम्ही माना डोलावल्या. त्यानंतर मी जवळजवळ चार वर्षं ती तपासणी केली नाही.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. मला काही त्रास नव्हता. आप्पाचं आजारपण, मग सुतक, मग नातीचं बारसं, मग गुडघेदुखी. आणि सगळ्यांत भक्कम कारण माझा नियम. पंचवीस वर्षांपूर्वी एका माताजींच्या समोर मी रात्रीच्या चारी आहारांचा त्याग केला आहे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि या तपासणीआधी आतडं धुऊन काढायला दोन लिटर औषधाचं पाणी प्यावं लागतं, निम्मं आदल्या रात्री आणि उरलेलं पहाटे, असं मी आप्पाच्या वेळी पाहिलं होतं. मग मी सगळ्यांना सांगायचे, "माझ्या नियमात ते बसत नाही." हे ऐकून कुणी पुढे बोलत नसे. नियमाचं नाव काढलं की घरातले गप्प होतात.

गप्प झाली नाही ती आमची सूनबाई. गेल्या वर्षी मे महिन्यात, पापड वाळत घालता घालता ती म्हणाली, "आई, तुम्ही डॉक्टरांना विचारलंत का, की माझा असा नियम आहे, काही मार्ग आहे का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग तुम्हाला कसं ठाऊक की बसत नाही?"

मी बी.कॉम.ला ऑडिट शिकले होते. कागद न बघता शेरा मारायचा नाही, हा त्यातला पहिला धडा. आणि मी चार वर्षं कागद न बघता शेरा मारत होते.

पुढच्या आठवड्यात सांगलीतच एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. मी, हे आणि सूनबाई. डॉक्टर तरुण, आमच्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना आधी भावाचं सांगितलं आणि मग नियमाचं. त्यांनी हसूनही पाहिलं नाही की कंटाळाही केला नाही. म्हणाले, "मावशी, तपासणी दुपारी दोनला ठेवू. दुपारची तपासणी असेल तर सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेतलं तरी चालतं. उलट औषध आणि तपासणी यांत फार वेळ गेला नाही तर आतडं जास्त स्वच्छ दिसतं. फक्त शेवटचा घोट आणि भूल यांत पुरेसं अंतर हवं. तुम्ही किती वाजता पाणी घेता?" मी म्हटलं, "सूर्योदयानंतर दोन घटकांनी." त्यांनी कागदावर लिहिलं, सकाळी सात.

दोन मिनिटांत प्रश्न सुटला. मैत्रिणींनो, मला आनंद व्हायला हवा होता, पण मला त्या खुर्चीत बसून लाज वाटली. नियम कधीच आडवा आला नव्हता. मीच नियमाच्या आड उभी होते. खरी अडचण होती ती नळी कुठून घालतात याची.

मग त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी कोंब फुटतात, त्यांना पॉलिप म्हणतात. कुणाला देठ असतो, पावसाळ्यात परसात उगवणाऱ्या अळंबीसारखा. कुणी बसका असतो, चपात्यांवर येणाऱ्या फोडासारखा. बरेचसे निरुपद्रवी असतात. पण ॲडिनोमा नावाच्या जातीतले काही हळूहळू वाढत, बहुधा दहा किंवा जास्त वर्षांनी, कॅन्सरकडे वळतात. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर याच वाटेने येतात. आणि पॉलिप सहसा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून त्रास नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. "दिसला तर लगेच त्याच वेळी काढून टाकू," ते म्हणाले. "पोट उघडायचं नाही. टाका नाही." रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, लोहाच्या गोळ्या घेता का, हे त्यांनी नीट विचारलं. माझी लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद करायला सांगितली, कारण तिने आत काळा थर राहतो. कधी रक्त येऊ शकतं, क्वचित आतड्याला भोक पडू शकतं, हेही लपवलं नाही. मग माझी सही घेतली.

आता तुम्हाला स्वयंपाकघरातलं सांगते, कारण आपल्यासारख्यांना इथेच प्रश्न पडतात. तपासणीआधी तीन दिवस चोथा नसलेलं खायचं असतं. डॉक्टरांच्या छापील यादीत पहिलंच नाव उकडलेला बटाटा! आमच्याकडे कंदमूळ येत नाही. मग मी आणि सूनबाईने आमची यादी केली. मऊ भात, मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, साल आणि बिया काढून मऊ शिजवलेला दुधी, ताक, मैद्याचा फुलका. ज्वारीची भाकरी नाही, पालेभाजी नाही, मोड आलेली कडधान्यं नाहीत, टोमॅटो आणि पेरू बियांमुळे नाहीत. तीळ आणि शेंगदाणे तर अजिबात नाहीत. शेंगदाण्याच्या चटणीशिवाय तीन दिवस काढणं हे माझ्या दृष्टीने खरं तप होतं. आदल्या दिवशी फक्त गाळीव पातळ पदार्थ. सूर्यास्ताआधी शहाळ्याचं पाणी घेतलं आणि नेहमीसारखा नियम पाळून झोपले.

सकाळी सातला णमोकार मंत्र म्हणून पहिला पेला तोंडाला लावला. आदल्या दिवशी उकळून, गाळून ठेवलेल्या दोन लिटर पाण्यात पावडरची पुडी विरघळवली होती. पाव लिटरचा एक असे आठ पेले, दर पंधरा मिनिटांनी एक. चव कशी? गोडसर, खारट, वर लिंबाच्या वासाचं काहीतरी. तिसऱ्या पेल्याला घशातून उतरेना. सूनबाई समोर घड्याळ घेऊन बसली होती. चौथ्या पेल्यापासून जे सुरू झालं ते मी वर्णन करणार नाही, पण एक नक्की, संडासजवळची खोली रिकामी ठेवा आणि मऊ कपडा जवळ असू द्या. शेवटी शेवटी फक्त पिवळसर स्वच्छ पाणी पडायला लागलं की समजायचं, झालं. डॉक्टरांनी हे पाहून सांगायला बजावलं होतं. मी बाहेर येऊन सूनबाईला म्हटलं, "आता स्वच्छ पाणी पडतंय." आयुष्यात पहिल्यांदा मी असलं वाक्य कुणाला सांगितलं. तिने फक्त "छान" म्हटलं आणि हॉस्पिटलला फोन लावला.

ज्या गोष्टीची चार वर्षं धास्ती घेतली होती, तिचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. मागून उघडणारा सैल झगा दिला. खोलीत एक नर्सबाई पूर्ण वेळ होत्या. डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं, वर चादर घातली. हातात सुई टोचली आणि गुंगी आली. मधे कधीतरी पोटात गॅस भरल्यासारखं वाटलं, कुणीतरी "मावशी, झालंच" म्हणालं. बस्स. डोळे उघडले तेव्हा साडेतीन वाजले होते. मी पहिला प्रश्न विचारला, "सूर्यास्त किती वाजता?" हे म्हणाले, "सातला. भरपूर वेळ आहे." पाच वाजता मी पाणी प्यायले आणि सहाला मऊ भात खाल्ला. नियमालाही धक्का लागला नाही.

दोन पॉलिप निघाले होते. डॉक्टरांनी नंतर संगणकावर फोटो दाखवले. आतडं आतून कसं दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. गुलाबी, ओलसर, चकाकणारं, वळ्यावळ्यांचं. मला वाटलं होतं घाण दिसेल. एक पॉलिप पाच मिलिमीटरचा, तुरीच्या डाळीएवढा. नळीच्या तोंडातून बारीक तारेचा फास बाहेर काढला, कोंबाभोवती टाकला आणि आवळला. वीजसुद्धा लागली नाही. दुसरा अठरा मिलिमीटरचा, बसका. त्याच्याखाली आधी सुईने निळा रंग मिसळलेलं मिठाचं पाणी सोडलं. तेलात पुरी फुगावी तसं अस्तर वर उचललं गेलं. त्यामुळे खालचा स्नायूचा थर लांब राहतो आणि भोक पडायचा धोका कमी होतो. मग फास टाकून, वीज देऊन तो एकसंध कापला. जागा एका चिमुकल्या धातूच्या क्लिपने बंद केली. ती पुढे आपोआप गळून संडासवाटे जाते. आतल्या त्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, म्हणून मला काही दुखलं नाही. दोन्ही तुकडे तपासायला पाठवले. त्याच दिवशी घरी. दोन आठवडे जड उचलायचं नाही, लांबचा प्रवास नाही, रक्त पडलं तर लगेच फोन. पडलं नाही.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मला रात्री झोप येत नसे, म्हणून नातवाला जवळ बसवून या दुर्बिणीबद्दल वाचून काढलं. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून वाकड्या वाटेने चित्र नेता येतं, हे १९५४ मध्ये ज्यांनी दाखवून दिलं त्यांत पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदर सिंग कपानी होते. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी तशी जठराची लवचीक दुर्बीण तयार केली आणि ती रुग्णाच्या आधी स्वतः गिळून पाहिली. मोठ्या आतड्यातला पॉलिप तारेच्या फासाने दुर्बिणीतून कापायची पद्धत १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या जपानी डॉक्टरांनी, विल्यम वुल्फ यांच्यासोबत काम करताना सुरू केली. त्याआधी आत खोलवर असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागे. जपानात जठराचा कॅन्सर फार, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी पुढे जाऊन १९९० नंतरच्या दशकात बारीक सुरीने मोठी गाठसुद्धा अस्तरासकट अखंड सोलून काढायची पद्धत बसवली. अन्ननलिका, जठर, मोठं आतडं, तिन्ही ठिकाणी ती आता वापरतात.

सगळ्यांत जास्त मला १९९३ चा एक आकडा लागला. अमेरिकेत ज्यांचे ॲडिनोमा दुर्बिणीतून काढले अशा लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी निघाला. त्याच लोकांचा पुढचा हिशेब २०१२ मध्ये छापून आला, त्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी होते. मी वही बंद केली. आप्पाने ज्या भाऊबीजेला मला विचारलं, तेव्हा ही सगळी माहिती जगात होती. आमच्या गावातही ती दुर्बीण होती. मी त्याला इसबगोल सांगितलं.

रिपोर्ट आला. लहान पॉलिप साधा ॲडिनोमा. मोठ्या पॉलिपमध्ये पेशी बऱ्याच बदललेल्या, कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर बरंच अंतर चाललेला. कडा स्वच्छ, म्हणजे पूर्ण निघाला. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." मला वाटलं, चार वर्षं उशिरा येऊनही वेळेत आले, हे माझं शहाणपण नाही.

श्रावणात मी इचलकरंजीला वहिनीकडे गेले. मनात ठरवूनच. दुपारी दोघीच होतो. माझ्या तपासणीचं सांगितलं आणि मग म्हटलं, "वहिनी, मला तुझी क्षमा मागायची आहे. आप्पाने मला भाऊबीजेलाच सांगितलं होतं. रक्त पडतंय म्हणून. मी मूळव्याध म्हटलं आणि गप्प बसले."

वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. गव्हातले खडे वेचत होती, ते वेचत राहिली. मग म्हणाली, "ताई, त्यांचे कपडे मीच धुवायचे ना. मला दिवाळीच्या आधीपासून दिसत होतं. ते बोलले नाहीत म्हणून मीही विचारलं नाही. वाटायचं, पुरुषमाणूस, लाजेल. ते गेल्यापासून रोज वाटतं, मी विचारायला हवं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही काय म्हणाल म्हणून."

म्हणजे आम्ही तिघंही जाणत होतो. आप्पा बायको घाबरेल म्हणून गप्प, वहिनी नवरा लाजेल म्हणून गप्प आणि मी भावाला दिलेल्या शब्दामुळे गप्प. प्रत्येकाला वाटत होतं आपण दुसऱ्याला जपतोय. त्या दुपारी आम्ही दोघी रडलो. मन हलकं झालं असं म्हणणार नाही, पण त्या घरात जाताना छातीवर जो दगड असायचा, तो आता दोघींत वाटला गेला आहे.

आपण रोज आलोचना पाठ म्हणतो. एकेंद्रिय जीवापासून सगळ्यांना दुखावल्याची कबुली देतो. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यात पहिला आलोचना. म्हणजे आपल्या हातून झालेलं, काही न लपवता, गुरूंपुढे बोलून दाखवणं. तप, छेद वगैरे सगळं त्याच्या पुढे येतं. आधी बोलायचं. पाठ म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही, पण स्वतःच्या भावजयीपुढे दोन वाक्यं बोलायला मला चार वर्षं लागली. डॉक्टरांपुढे बोलायलाही तितकीच. आपल्याला बोलायची सवय फक्त पाठ असलेल्या गोष्टींची आहे.

त्यानंतरच्या दशलक्षणात ती मुलगी हसली. तेव्हा मनात आलं, हिला चापट मारून आपण नेमकं काय शिकवतोय?

आमच्या मुलाची तपासणी झाली, तो बेचाळीस वर्षांचा आहे. काही निघालं नाही. आप्पाच्या दोन्ही मुलांना डॉक्टरांनी सांगितलं आहे की चाळिशीला पहिली तपासणी करायचीच. ती अजून तिशीत आहेत. वहिनीने दोघांची वर्षं पूजेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहेत.

राहिली मोठी आक्का. सोलापूरला असते, एकाहत्तर पूर्ण झाली. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी तीच उभी होती. मी गेलं वर्षभर तिला म्हणतेय. ती म्हणते, "मला काही होत नाही गं, माझं पोट अगदी साफ आहे." मग विषय बदलते, नाहीतर नियमाचं सांगते. माझीच वाक्यं माझ्याच आवाजात ऐकू येतात. नातू तिला हे लेख फोनवर वाचून दाखवतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आक्का, हे तुझ्यासाठीच आहे. दुपारची वेळ मिळते. सकाळी सातला सुरू करता येतं, सूर्यास्ताच्या आत जेवताही येतं. यादीतला बटाटा सोडून दे, दुधी चालतो. मी येऊन राहीन आणि समोर घड्याळ घेऊन बसेन.

आणि मैत्रिणींनो, तुम्हालाही. संडासला रक्त पडत असेल, पोटाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर मूळव्याध आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. बहुतेक वेळा मूळव्याधच निघेल आणि चांगलंच आहे. घरात सख्ख्या माणसाला हा आजार झाला असेल तर त्रास होण्याची वाट पाहू नका. आणि स्वयंपाकघरात कुणी पाणी प्यायचं निमित्त करून येऊन हळूच काही विचारलं, तर हातातलं ताट खाली ठेवा, नळ बंद करा आणि त्याच्याकडे वळून बघा.

पुढच्या आठवड्यात दशलक्षण सुरू होतंय. कळत-नकळत माझ्या बोलण्याने आणि न बोलण्याने कुणाला दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.